टॅग बेळगावचा, पण बॅग बेंगळुरूत घ्यायची : कनेक्टिंग विमानाचा माझा अनुभव

परदेशातून बेंगळुरूमार्गे बेळगावला येणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट आधी सांगते. बॅगेच्या टॅगवर बेळगाव छापलेलं असलं तरी ती बॅग बेंगळुरूला बेल्टवरून आपणच उतरवून घ्यायची असते. निघताना काउंटरवर कोणी कितीही ठामपणे "डायरेक्ट बेळगाव" म्हणू दे. या एका वाक्यापायी आमचं सांबऱ्याचं, म्हणजे बेळगावच्या विमानतळाचं, विमान जवळजवळ गेलंच होतं, आणि त्याचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आम्ही दोघं जर्मनीत लेकीकडे राहून परत येत होतो. आखातात एकदा विमान बदलायचं, तिथून बेंगळुरू आणि बेंगळुरूहून सांबरा. तिकीट एकच, पीएनआर (बुकिंगचा नंबर) एकच. बेंगळुरूला मध्ये पावणेतीन तास. विमान कंपनीनेच जोडून विकलेलं तिकीट, म्हणजे एवढा वेळ पुरतो असं त्यांचंच म्हणणं झालं. तरी चेक-इन करताना मी मुद्दाम विचारलं, "बॅगा बेंगळुरूला घ्यायच्या का?" काउंटरवरच्या मुलीने टॅगवरच्या 'आयएक्सजी' या तीन अक्षरांवर बोट ठेवलं. तो सांबरा विमानतळाचा कोड. म्हणाली, "नाही, थेट शेवटच्या ठिकाणी मिळतील." मी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. आमचे हे म्हणाले, "अगं, ती रोजचं काम करते, तिला माहीत असणार."

आखातातल्या विमानतळावर रांगेत खानापूर तालुक्यातला एक मुलगा भेटला. तिकडेच कामाला असतो, वर्षाकाठी गावी येतो. आमचं मराठी ऐकून आपणहून बोलायला आला. त्याने टॅग बघितला आणि म्हणाला, "काकू, टॅगवर जाऊ नका. इंडियात पहिल्यांदा जिथं उतरतो, तिथंच बॅग घ्यायची. गेल्या खेपेला आमच्या गावचा एकजण तसाच पुढं गेला, बॅग मागं राहिली." त्या पोराचे उपकार मी विसरणार नाही. कंपनीच्या माणसांना जे सांगता आलं नाही, ते त्याने अर्ध्या मिनिटात सांगितलं.

नियम मुळात सरळ आहे, एकदा कळला की विसरत नाही. परदेशातून आलेल्या सामानाची कस्टम्स तपासणी भारतात जिथे पहिल्यांदा उतरतो तिथे होते. पुढचा विमानतळ कस्टम्सचा असेल तर काही मार्गांवर सामान तिथे तपासतात, पण सांबऱ्याला ना इमिग्रेशन, ना कस्टम्स. तिथे सगळी देशांतर्गत विमानं. म्हणजे बेळगावच्या माणसाची बॅग बेंगळुरू, हैदराबाद, मुंबई, दिल्ली अशा मोठ्या विमानतळावरच तपासली जाणार. बॅग घ्यायची, कस्टम्समधून न्यायची आणि पुढच्या विमानासाठी परत द्यायची. टॅग शेवटपर्यंतचा असल्याचा फायदा एवढाच, की पुढे पुन्हा वजनावरून वाद होत नाही.

वजनाचं आत्ताच सांगते, नाहीतर राहून जाईल. परदेशी प्रवासाला बऱ्याच कंपन्या तीस किलोपर्यंत नेऊ देतात आणि देशांतर्गत विमानात साधारण पंधरा. एका तिकिटावर असाल तर बहुधा परदेशी मर्यादाच पुढेही चालते. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर वरच्या प्रत्येक किलोचे पैसे मोजावे लागतात, आणि पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं तर ते तिकीटही गेलं. हजार-दोन हजार वाचवायला वेगळी तिकिटं काढणारे आमच्या टिळकवाडीत पुष्कळ आहेत. त्यांनी निदान एक रात्र मध्ये ठेवावी.

आता मुख्य गोष्ट, बेल्टची.

विमान वीसेक मिनिटं उशिरा टेकलं. इमिग्रेशन लवकर आटोपलं. आम्ही बेल्टपाशी आलो तेव्हा पडद्यावर आमच्या विमानाचा नंबर लागला होता आणि बॅगा यायला सुरुवात झाली होती. आमची निळी बॅग पाचव्या-सहाव्या नंबरलाच आली. मला वाटलं, जमलं. दुसरी बॅग मोठी, करड्या रंगाची. विमानतळावर करड्या बॅगा सतराशे साठ असतात, म्हणून मी तिच्या मुठीला जुन्या शहापुरी साडीचा लाल काठ फाडून बांधला होता. बेल्ट फिरतोय, करड्या बॅगा येताहेत, लाल काठ काही दिसत नाही. यांना गुडघ्याचा त्रास, म्हणून त्यांना ट्रॉलीपाशी उभं केलं आणि मी बेल्टच्या तोंडाशी जाऊन थांबले, जिथे रबराच्या पट्ट्यांमधून बॅगा बाहेर पडतात. माणसं आपापल्या बॅगा उचलून निघून गेली. एक स्ट्रोलर, एक खोका आणि कुणाची तरी फाटलेली पिशवी एवढंच फिरत राहिलं. मग बेल्टच बंद पडला. मी घड्याळ बघितलं तर अर्ध्या तासाहून जास्त वेळ गेला होता. देशांतर्गत विमानाचं चेक-इन सुटायच्या साठ मिनिटं आधी बंद होतं. त्यानंतर पाया पडलात तरी बॅग घेत नाहीत.

कंपनीचं माणूस शोधायला गेले. बॅगा हरवल्याची नोंद करायचा काउंटर होता, पण समोर रांग आणि आत एकटी मुलगी. रांगेत उभी राहिले असते तर विमान गेलंच होतं. जॅकेट घातलेला एक कर्मचारी फोनवर बोलत होता. इंग्रजीत विचारलं तर हात वर करून "वेट, वेट" एवढंच. मग मी सरळ कानडीत सुरू केलं, "नम्म ब्याग बंदिल्ल, बेळगाविगे होगबेकु." म्हणजे आमची बॅग आली नाही, बेळगावला जायचंय. त्याने फोन खाली घेतला. तो गोकाकचा निघाला. माझ्या हातातल्या पावतीवरचा टॅग नंबर बघितला, 'आयएक्सजी' वाचलं आणि कानडीतच म्हणाला, "अम्मा, पुढच्या विमानाच्या बॅगा तिकडे काढून ठेवल्यात."

तिकडे म्हणजे कुठे, तर पलीकडच्या बेल्टच्या खांबामागे. आठ-दहा बॅगा भिंतीला लावून ओळीने उभ्या. सगळ्यांवर पुढच्या गावांचे टॅग. ओळीच्या टोकाला आमची करडी बॅग, मुठीला लाल काठ. लोडरने ती बेल्टवर येताच उतरवून बाजूला ठेवली होती. आम्ही पोचायच्या आधीच ती आली असणार. मी जिथे उभी होते तिथून वीस-पंचवीस पावलांवर ती सगळा वेळ उभी होती, आणि ना तिथे पाटी, ना कोणी पुकारा केला. एक बॅग बेल्टवर ठेवली आणि दुसरी उतरवली, यात कुठली पद्धत होती तेही त्या गोकाकच्या कर्मचाऱ्याला सांगता आलं नाही. शेजारी एक म्हाताऱ्या बाई हुबळीची बॅग शोधत होत्या. त्यांचीही त्याच ओळीत निघाली. त्यांना तर कोणी काहीच सांगितलं नव्हतं.

म्हणून बेल्टपाशी पोचल्याबरोबर हे करा. पुढच्या विमानाचा टॅग असेल तर फक्त बेल्टकडे बघत राहू नका. आधी बेल्टच्या आजूबाजूला, खांबांमागे, शेजारच्या बेल्टपाशी एक फेरी मारा. बाजूला काढलेल्या बॅगा असतात का, म्हणून पहिल्याच कर्मचाऱ्याला विचारा. दोघं असाल तर एकाने बेल्ट धरावा, दुसऱ्याने फेरी मारावी. बोर्डिंग पासाला चिकटवलेली टॅगची छोटी पावती हाताशी ठेवा, पर्सच्या तळाशी नको. तिच्यावरच्या नंबराशिवाय कोणी बोलायलाही तयार नसतं. आणि बॅगेला काहीतरी बांधाच. सुतळी चालेल, पण दुरून दिसेल असा रंग हवा.

बॅग हाती आली तेव्हा सांबऱ्याचं विमान सुटायला ऐंशी मिनिटं होती, म्हणजे आमच्या हातात वीस मिनिटं. कस्टम्सच्या ग्रीन चॅनलमधून (जाहीर करण्यासारखं काही नसणाऱ्यांच्या वाटेने) बाहेर. बेंगळुरूला 2023 च्या सप्टेंबरपासून आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल टूला उतरतात, आणि आमचं पुढचं विमान होतं टर्मिनल वनचं. बॅगा घेऊन तिकडेच जा, असं आम्हाला सांगितलं. दोन टर्मिनलमध्ये फुकट बस असते. टॅक्सीवाले बाहेर पडताच मागे लागतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. तिकीट काढतानाच दोन्ही विमानांची टर्मिनलं बघून घ्या. हैदराबादला सगळं एकाच इमारतीत आहे, त्यामुळे वेळ कमी असेल तर मी आता हैदराबादमार्गेच यायला सांगेन. मुंबईला आंतरराष्ट्रीय टर्मिनल टूला आणि पुढचं विमान सांताक्रूझच्या टर्मिनल वनला असेल, तर मधला रस्ता शहरातून आहे आणि तिथल्या वाहतुकीचा भरवसा नाही.

टर्मिनल वनच्या दारावर सीआयएसएफच्या जवानाला तिकीट आणि पासपोर्ट दाखवला. काउंटरवरचा मुलगा शहाणा होता. आमच्या तोंडाकडे बघूनच त्याने समोरची रांग थांबवून बॅगा आधी घेतल्या. चेक-इन बंद व्हायला दोन-तीन मिनिटं उरली असतील. पुढे सिक्युरिटी होऊन गेटपाशी पोचलो तर बोर्डिंग सुरू झालं होतं. विमान सुटायच्या पंचवीस मिनिटं आधी गेट बंद करतात, हेही लक्षात असू द्या. आमचं विमान छोटं, पंख्यांचं, एटीआर. त्यात डोक्यावरच्या कप्प्यात चाकांची केबिन बॅग मावत नाही, पायऱ्यांपाशीच काढून घेतात. औषधं, दागिने, लॅपटॉप, पॉवर बँक आधीच खांद्यावरच्या पिशवीत काढून ठेवा.

इमिग्रेशनच्या रांगेची धास्ती असणाऱ्यांसाठी सरकारची 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन' नावाची सोय आहे. 2024 च्या जूनमध्ये दिल्लीला सुरू झाली, 2025 च्या जानेवारीपासून बेंगळुरू, हैदराबाद, मुंबईलाही आहे. अर्ज ऑनलाइन, पैसे लागत नाहीत. बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद एकदा झाली की ई-गेटमधून जाता येतं. नेहमी जा-ये करणाऱ्यांनी जरूर करावं. बेल्टवरची वाट मात्र त्याने एक मिनिटही कमी होत नाही.

फोनचं राहिलंच. भारतातलं सिम रिचार्ज करून चालू ठेवा. गेट बदलल्याचा मेसेज त्याच नंबरवर येतो आणि विमानतळाच्या वायफायलाही ओटीपी लागतो. यांचं सिम बंद पडलं होतं, माझं चालू होतं म्हणून निभावलं.

बेळगावला येणारी विमानं मोजकीच, वेळापत्रकही हंगामाप्रमाणे बदलतं. त्यामुळे दिवसातलं शेवटचं विमान कधी धरू नये. ते चुकलं तर बेंगळुरूहून रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहे, खासगी स्लीपर बसा आहेत, आणि 2025 च्या ऑगस्टपासून दुपारी सुटणारी वंदे भारतही आहे. पण देवनहळ्ळीहून, म्हणजे विमानतळाहून, बेंगळुरू स्टेशन चांगलं पस्तीसेक किलोमीटर, त्यात शहरातली गर्दी. पावसाळा सोडून आखातातून येणार असाल तर गोव्याच्या मोपा विमानतळाचाही विचार करा. तिथे उतरून चोर्ला घाटाने गाडी केली की हे जोड विमानाचं लचांडच नाही. पावसात मात्र त्या घाटाचा भरवसा धरू नका.

विमान खरंच चुकलं आणि तिकीट एकच असेल तर घाबरून स्वतःच्या खिशातून नवीन तिकीट काढू नका. पुढच्या विमानात जागा करून देणं कंपनीचं काम आहे. काउंटरवर ठाम उभं राहा आणि उशीर कशाने झाला ते त्यांच्याकडून लिहून घ्या.

घरी आल्यावर मी टॅगचा फोटो जोडून कंपनीला मेल केला आणि केंद्र सरकारच्या 'एअरसेवा' पोर्टलवरही तक्रार टाकली. मागणी दोनच होत्या. काउंटरवर खरी माहिती द्या, आणि भारतात येणाऱ्यांच्या टॅगच्या पावतीवर 'पहिल्या विमानतळावर बॅग घ्या' एवढी एक ओळ छापा. कंपनीचं उत्तर आलं, त्यात दिलगिरी आहे आणि पुढच्या प्रवासासाठी शुभेच्छा आहेत. त्या ओळीबद्दल एक अक्षर नाही, म्हणून मी परत लिहिलं आहे. तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर तुम्हीही टॅगचा फोटो जोडून तक्रार टाका. एअरसेवावर तक्रारीचा नंबर मिळतो, तो जपून ठेवा.