औषध नाही, सूप

सिंगापूरमध्ये कर्करोगाच्या ओपीडीत मी फार्मासिस्ट आहे. "याशिवाय दुसरं काही औषध घेता का?" हा प्रश्न दिवसातून तीसेक वेळा तोंडून जातो. त्या चिनी आंटींनाही मागच्या खेपेला विचारलं होतं. "नो लाह, मिस्सी." (इथल्या आज्या इस्पितळातल्या सगळ्याच पोरींना मिस्सी म्हणतात.) मी फॉर्मवर 'नाही' लिहून मोकळी.

गुरुवारी त्यांचा रिपोर्ट आला. पोटॅशियम २.८. निदान ३.५ तरी हवं. पायात गोळे येत होते, जिना चढताना मांड्यांत जीव राहत नव्हता, आणि घरचे म्हणत होते, वय झालं. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार आटोपून दोन वर्षं झालेली. कर्करोग परतू नये म्हणून रोज लेट्रोझोल आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी एक गोळी. ही गोळी पोटॅशियम घालवते खरी, पण ती पाच वर्षं चालू होती. आताच काय बिघडलं?

बोलता बोलता झोपेचं विचारलं. चेहरा एकदम खुलला. लेट्रोझोल लागल्यापासून रात्री दोनला घामाघूम होऊन उठायच्या, ते थांबलं होतं. "आय ड्रिंक सूप."

सूप! पिशवीतून पुडी निघाली. सुआन झाओ रेन तांग. चीनच्या प्राचीन हान राजवटीतले वैद्य झांग झोंगजिंग यांच्या नावावर चालत आलेला झोपेचा काढा, पाच जिनसांचा. त्यातल्या तांबूस चपट्या बिया आपल्या बोराच्या जातभाईच्या. आणि पिवळे तिरपे काप? एक दाताखाली धरला (धरू नये). ज्येष्ठमध! खोकला झाला की आजी दाढेत धरायला द्यायची तीच चव. दुसऱ्या पुडीत तर नुसते तेच काप, मूठभर.

ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातलं एक एन्झाइम अडवतं. मग कॉर्टिसॉल हे संप्रेरक अल्डोस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाचं काम करू लागतं. मीठ-पाणी अंगात राहतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं. वरून ती गोळी होतीच.

त्यांच्या चिनी वैद्यांना फोन लावला. शांत माणूस. त्यांनी ज्येष्ठमधाचे रोजचे तीनच ग्रॅम लिहिले होते. बाकीची मूठ आंटींची स्वतःची, काढा कडू लागतो म्हणून.

डॉक्टरांनी काढा थांबवला, पोटॅशियम दिलं, रक्तदाबाची गोळी बदलली. आंटी हिरमुसल्या. "मग मी झोपू कशी?" याचं उत्तर माझ्या कपाटात नव्हतं. अमेरिकेत कर्करोगातून बाहेर पडलेल्या १६० जणांवर झालेला, २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मी त्यांना सांगितला: आठ आठवडे काहींना ॲक्युपंक्चर, काहींना झोपेच्या सवयी बदलणारी सीबीटी ही थेरपी. झोप दोन्हींनी सुधारली, सीबीटीने जास्त. सुया हव्या असतील तर वैद्य तयार होते. फक्त ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या, तो हात सोडून. सुयांना त्या घाबरतात, म्हणून सीबीटी ठरली.

दोन आठवड्यांनी पोटॅशियम ४.१. आंटी मात्र घुश्शात. झोपेच्या थेरपिस्टने रात्री बाराच्या आत पलंगाला पाठ टेकायची नाही असं बजावलं होतं.

"झोप येत नाही म्हणून गेले, मिस्सी, तर ती म्हणते झोपूच नका!"