तुम्ही विचारलंत म्हणून: दूध का उतरलं नाही?

"अंगावरचं दूध का नाही गं आलं तुला? आणि तू तर हेच शिकवतेस ना!" यातलं दुसरं वाक्य जास्त लागतं.

हो, शिकवते. दुग्धग्रंथीतली ती इवली पिशवी फळ्यावर कितीदा काढलीय: आत पेशींचा एकच थर, बाहेरून आकुंचन पावणाऱ्या पेशींची जाळी. रक्त गाळून दूध होत नाही, हे दरवर्षी ठासून सांगते. पेशी रक्तातून ग्लुकोज आणि अमिनो आम्लं घेतात. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर, केसीन म्हणजे दुधातलं प्रथिन, त्या स्वतः घडवतात. स्निग्धाचा थेंब तर बाहेर पडताना पेशीचंच आवरण अंगावर ओढून घेतो. मला ते अजूनही सुंदर वाटतं. असो.

दोन-तीन दिवसांत दूध उतरतं, म्हणून वाट पाहिली. चौथा दिवस गेला, पाचवा गेला. पंपाच्या बाटलीत तळाशी पिवळसर, चिकट चार थेंब. चीकच तो, पांढरा व्हायचं नाव नाही. बाळ ओढून ओढून दमायचं आणि रडत झोपी जायचं. वजन उतरत चाललं, तेव्हा सहाव्या दिवशी वरचं दूध सुरू केलं. कुणीतरी म्हणालं, "माया असली की पान्हा फुटतोच." इतकी वर्षं हेच शिकवणारी मी, त्या रात्री ते खरं मानून बसले.

नवव्या दिवशी रक्तस्राव वाढला आणि सोनोग्राफीत दिसलं: वारेचा एक तुकडा आतच राहिला होता. वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक गरोदरपणात दुधाला थोपवून धरतं. वार पडली की ते कोसळतं आणि दूध बनवायला लावणाऱ्या प्रोलॅक्टिनला वाट मोकळी होते. माझ्या पेशींच्या लेखी मी अजून गरोदरच होते! लॅक्टोज भरभरून होत नव्हतं, म्हणून त्याच्यामागे पाणी ओढलं जात नव्हतं, म्हणून नुसते थेंब. तुकडा काढला. दोन दिवसांनी पहाटे छाती दगडासारखी झाली, कपडे भिजले. आनंद वगैरे नाही झाला, संताप आला.

पान्हा ऑक्सिटोसिन या दुसऱ्या संप्रेरकामुळे फुटतो. ती बाहेरची जाळी आवळते आणि तयार दूध नलिकांत ढकललं जातं. बाळाचं नुसतं रडणं ऐकूनही हे होतं. त्यात मनाचा भाग आहे, नाकारत नाही. पण जे तयारच झालं नाही, ते माया कुठून ढकलणार?

तरी पुढेही दूध कधी पुरलं नाही. "बाळानं ओढलं की दूध येतं," असं मी वर्गात बिनधास्त म्हणायचे. वर्गातल्या त्या बाईचा, म्हणजे माझाच, मला राग येतो, पण ती अगदीच चूक नव्हती. ग्रंथी रिकामी होत राहिली तरच पेशी जोमानं पुढचं बनवतात. मग दोष तुकड्याचा किती आणि माझा किती? रात्री दोनला पंपासाठी लावलेला गजर मी बंद करून झोपले होते. दोनदा. कदाचित तीनदा.