आमची वाटचाल : कुरतडलेल्या पानांची नर्सरी

कढीपत्त्याचं रोप पिशवीत घालून एक काकू परत आल्या आणि ते त्यांनी माझ्या टेबलावर आपटलं. "असलं किडकं रोप देता? आठ दिवसांत निम्मी पानं साफ!" पाहिलं तर एका पानावर पाखराची शीट पडावी तशी काळी-पांढरी अळी चिकटलेली, आणि खालच्या फांदीवर तिचीच मोठी बहीण, हिरवीगार. तिला पेन्सिलीचं टोक लावलं. तिनं डोकं उचललं आणि मानेतून दोन लालसर शिंगं बाहेर काढली. उग्र वास आला. काकू दोन पावलं मागे.

कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी ती. कढीपत्ता, लिंबू, बेल आणि त्यांच्याच कुळातली झाडं हेच तिचं जेवण. दुसरं काही तिच्यापुढे ठेवलंत तर उपाशी मरेल. मी काकूंना आणखी एक रोप दिलं, पैसे घेतले नाहीत. म्हटलं, हे तुमच्या फोडणीला, ते तिला. औषध तेवढं मारू नका. दोन आठवड्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो आला : खिडकीच्या गजाला लागलेला रिकामा कोष. सोबत मजकूर, "गेलं उडून. आम्ही दुधाच्या गडबडीत होतो, दिसलंच नाही."

तेव्हापासून आमच्याकडे कढीपत्ता जोडीनंच मिळतो.

पण आम्ही काही पहिल्यापासून असे शहाणे नव्हतो. मुळशी तालुक्यातल्या या दीड एकरात अकरा वर्षं आम्ही सगळे करतात तेच केलं : लॉन, फायकस, रॉयल पाम, दर शनिवारी फवारणी. पानाला एक भोक दिसलं तरी गिऱ्हाईक नाक मुरडायचं. साक्षात्कार वगैरे काही झाला नाही, विहीर आटली. त्या उन्हाळ्यात लॉनच्या वाफ्यांना टँकरचं पाणी घालता घालता नफा मातीत गेला. बांधावरचा पांगारा मात्र कोणी तांब्याभर पाणी न घालता लालभडक फुलला होता, आणि त्यावर साळुंक्या-बुलबुलांची भांडणं चालली होती. बायको म्हणाली, "हा विकता येणार नाही का?"

विकता येतो. देशी झाडांकडे वळलो खरे, पण ती आधी उगवता यावी लागतात. पहिल्या वर्षी जव्हारच्या नातेवाइकांकडून मोहाची टोळंबी मागवली, गोणीत भरून नीट जपून ठेवली आणि फेब्रुवारीत पेरली. एक कोंब नाही. मोहाचं बी पडल्या पडल्या मातीत जावं लागतं, ठेवलं की मेलं. बहाव्याचं उलट. त्याच्या बियांचं कवच इतकं टणक की नुसतं पेरलं तर पावसाळा संपला तरी हूं की चूं नाही. आता आम्ही एकेक बी खरखरीत फरशीवर घासतो, रात्रभर पाण्यात ठेवतो, सकाळी जे फुगलं तेच पेरतो. एका दुपारी दोनशे बिया घासून होतात आणि बोटांची सालं निघतात. बहाव्याचं रोप महाग का, याचं उत्तर हे.

उंबराचा धडा कामावरच्या मावशींनी दिला. वर्तमानपत्रावर वाळवलेल्या बिया चाळत बसलेल्या मला पाहून हसल्या. "पाखराच्या पोटातनं गेलेलं बी उगवतंय, साहेब. भिताडाखाली बघा की." जुन्या गोठ्याच्या भिंतीच्या फटीत सहा रोपं मिळाली.

मध्ये एका मोठ्या सोसायटीनं बोलावलं. सगळी देशी झाडं हवीत, पेपरात वाचलंय म्हणे. यादीत उंबर पाहून अध्यक्षांनी विचारलं, "याच्यावर पक्षी येतील?" मी आनंदानं सांगितलं, येतील तर! हरियाल आपला राज्यपक्षी, तोही फळाला येतो. ते म्हणाले, "मग नको, खाली गाड्या असतात." काम गेलं. वाईट याचं वाटलं की त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पार्किंगवर उंबर सुचवणारा मीच गाढव. आता झाड सुचवण्याआधी जागा बघायला स्वतः जातो.

नेहमीचा प्रश्न : घाणेरीवर तर केवढी फुलपाखरं येतात, मग तिच्यावर एवढा राग का? येतात, मध प्यायला येतात. हॉटेलात जेवलं म्हणून तिथं कुणी पोरं वाढवत नाही. अंडी घालायला त्यांना आपापलं झाड लागतं : कुणाला रुई, कुणाला बहावा, कुणाला वाघाटी. शिवाय अमेरिकेतून आलेली ही घाणेरी डोंगरउतारावर पसरली की खाली दुसरं काही उगवू देत नाही.

आणि देशी म्हणजे कुठलं, हेही बघावं लागतं. सोलापूरच्या एका गृहस्थांना अंगणात सुरंगी हवी होती. गजरा आवडतो म्हणून. सुरंगी कोकणातली, दमट हवेत वाढलेली, ती तिथल्या मे महिन्यात काय करणार? मी बोर आणि हिवर सुचवले, ते रागावून गेले. गेले तर गेले.

धंदा म्हणाल तर आमचे निम्मे पैसे अजून जुन्या बागांच्या देखभालीतून येतात, नुसत्या देशी रोपांवर पाच माणसांचे पगार भागत नाहीत. एकच गोष्ट हातोहात जाते, वाघाटी. आषाढी एकादशीचा उपास द्वादशीला वाघाटीच्या भाजीनं सोडायची रीत ज्यांच्या घरी आहे ती मंडळी फोनवर फोन करतात. यंदाची रोपं संपली. नावं लिहून ठेवलेल्यांनी दिवाळीनंतर यावं, आणि येताना रिकाम्या काळ्या पिशव्या आणाव्यात. पिशवीमागे दोन रुपये परत.