पिल्लं कमी निघाली की खापर हॅचरीवरच

हॅचरी म्हणजे कोंबडीची अंडी मशीनमध्ये उबवून पिल्लं काढायची जागा, आणि तिथला मॅनेजर म्हणजे दोन्हीकडून बोलणी खाणारा माणूस. पिल्लं कमी निघाली की उबवायची अंडी पुरवणारे ब्रीडर फार्मवाले म्हणणार तुमचं मशीन बिघडलंय. पिल्लू मलूल दिसलं की ती मांसासाठी वाढवणारे ब्रॉयलरवाले शेतकरी रात्री अकराला फोन करणार.

मे महिन्यात एका फार्मच्या लॉटची हॅच, म्हणजे पिल्लं निघण्याचं प्रमाण, एकदम घसरली. अंडी 18 दिवस सेटरमध्ये, म्हणजे उबवायच्या मशीनमध्ये, आणि शेवटचे 3 दिवस हॅचरमध्ये, म्हणजे पिल्लं बाहेर पडतात त्या मशीनमध्ये. सेटरच्या नोंदी काढल्या: तापमान 37.5 अंशांच्या आसपास, ट्रे दर तासाला फिरलेले. मधे लाइट गेली होती, पण जनरेटर लगेच चालू झाला होता. मुख्य म्हणजे त्याच सेटरमधल्या दुसऱ्या फार्मच्या अंड्यांची पिल्लं व्यवस्थित निघाली होती. फार्मचे मालक काही ऐकेनात. "साहेब, आमची अंडी नेहमीचीच आहेत."

पुढच्या लॉटच्या कँडलिंगला, म्हणजे अंडी उजेडावर धरून तपासतात तेव्हा, त्यांनाच बोलावून घेतलं. उजेडावर रिकामी दिसलेली अंडी बाजूला काढली आणि त्यांच्यासमोर फोडायला बसलो. हे काम आमच्या पोरांना अजिबात आवडत नाही, वास दोन दिवस हाताला राहतो. फलित नसलेल्या अंड्यात बलकावर नुसता बारीक पांढरा ठिपका असतो. तशी अंडी नेहमीइतकीच निघाली. बाकीच्यांत मात्र एकामागून एक रक्ताचं कडं. म्हणजे गर्भ धरला होता आणि पहिल्या दोन-चार दिवसांतच मेला. आमची आर्द्रता किंवा हवा चुकली असती तर बहुतेक करून पूर्ण वाढ झालेली, कवच टोचून अडकलेली पिल्लं सापडली असती.

"दादा, गाडीत चढायच्या आधी अंडी कुठे असतात?" मी विचारलं. जरा वेळाने उत्तर आलं: पत्र्याच्या खोलीत, आणि तिथला एसी महिनाभर बंद. अंडी ठेवायची 16 ते 18 अंशांत. खोली पंचविशीच्या वर गेली की गर्भ तिथेच वाढू लागतो, रात्री गार पडलं की थांबतो. अशा ओढाताणीत तो सेटरला लागायच्या आधीच अर्धा खचलेला असतो.

एसी दुरुस्त झाला, त्यानंतरच्या लॉटपासून आकडाही सावरला. आता प्रत्येक गाडीबरोबर अंड्यांच्या खोलीच्या तापमानाचा कागद मागतो. नसला तरी गाडी परत पाठवत नाही. चलानावर तसं लिहून ड्रायव्हरची सही घेतो.