घरी काडतुसं कशाला भरतोस?

कुडाळला गेलो की काका पडवीत बसल्या बसल्या विचारणारच, "रे, घरात दारू भरतंस म्हणे? आणि बायल काय बोलत नाय?" पुण्यातली मावसबहीण तोच प्रश्न जरा शहरी करून विचारते : "जर्मनीत दुकानात मिळत नाहीत का काडतुसं?" मिळतात, ढिगानं मिळतात. फक्त माझ्या रायफलीची सहसा मिळत नाहीत. जी मिळतात त्यांचं नाव तिच्या काडतुसाशी इतकं जुळतं की घोळ तिथेच होतो. तुम्ही सगळ्यांनी इतक्यांदा विचारलंत म्हणून आता एकदाच लिहून टाकतो.

रायफल झूलची. बैलाच्या पाठीवरची झूल नव्हे, थुरिंगियातलं झूल, बंदूक-कारागिरांचं जुनं गाव. माउझर ९८ पद्धतीचा बोल्ट, अक्रोडाचा दस्ता, पहिल्या महायुद्धाच्या आधीचं काम. शेजारच्या म्हाताऱ्या शिकाऱ्याची होती. तो गेल्यावर त्याच्या बायकोनं रीतसर कागद करून माझ्या नावावर केली. शिकारीची परीक्षा मी त्याआधीच दिली होती. इथले लोक तिला गमतीनं 'हिरवी बारावी' म्हणतात. अभ्यास पाहता ते फारसं गमतीचं नाही.

आता घोळाकडे येतो. १८८८ साली जर्मन लष्करानं ८×५७ आय हे काडतूस घेतलं (साधारण ८ मिमीची नळी, ५७ मिमी लांब पुंगळी, म्हणजे दारू आणि गोळी बसवायचं धातूचं नळकांडं). त्याची गोळी गोल नाकाची, १४.७ ग्रॅमची, ८.०९ मिमी जाड. शिकाऱ्यांनीही तेच उचललं. पुढे १९०५मध्ये लष्करानं हलकी, ९.९ ग्रॅमची टोकदार गोळी आणली. 'श्पिट्झगेशोस', म्हणजे टोकदार गोळी, म्हणून नावापुढे एस. ही गोळी ८.२२ मिमी जाड. बाकी पुंगळीची लांबी तीच, बूड तेच, नावही तेच, शेवटी फक्त एक अक्षर वाढलं.

फरक ०.१३ मिमीचा. प्रिंटरमधला साधा कागद ०.१ मिमी असतो, त्याहून जरासा जास्त. पण जाड गोळी जुन्या, अरुंद नळीत घुसवली तर ती दाबली जात पुढे सरकते आणि मागे वायूचा दाब भलताच चढतो. तिथे ती पोलादी नळी असते आणि तिच्यामागे तुमचा चेहरा. आपल्याकडे 'ध चा मा' होऊन नारायणराव पेशवे मारले गेले असं सांगतात. इथे नुसता एस वाचायचा राहिला तरी पुरे.

त्यात अजून एका अक्षराचा गोंधळ आहे. जुन्या काडतुसाच्या नावातला आय म्हणजे 'इन्फंटेरी', पायदळ. पण जुन्या जर्मन लिपीत मोठा आय आणि मोठा जे दिसायला सारखेच. त्यामुळे निम्मं जग त्याला जे म्हणू लागलं आणि ते नाव डब्यांवर छापलंही गेलं. यातून कुणाचं नुकसान झालं नाही, वादावादी मात्र भरपूर झाली.

बंदुकीच्या वयावरूनही काही कळत नाही. एस आल्यावरही शिकारीच्या बंदुका करणारे कित्येक वर्षं जुन्या मापाच्या नळ्या करत राहिले. म्हणून मोजल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. मऊ शिशाची गोळी, नळीपेक्षा किंचित मोठी, तेल लावून तोंडातून आत ठोकायची आणि लाकडी दांडीनं हलक्या हातानं दुसऱ्या टोकाला काढायची. नळीच्या आतल्या खाचा तिच्यावर उमटतात. समोरासमोरच्या खाचांवर मायक्रोमीटर लावला तो ८.०७वर थांबला. म्हणजे आय. मग ठरवलं, ही रायफल चालवायची तर पुंगळ्या आपणच भरायच्या. त्याआधी तिला उल्मच्या सरकारी चाचणी केंद्रात नेलं. तिथे कमाल दाबाच्या २५ टक्के जास्त दाबाची काडतुसं उडवून बंदूक तपासतात. पास झाली.

अमेरिकी कारखाने याच भीतीनं ८×५७ अगदी मिळमिळीत भरतात. युरोपात एससाठी कमाल दाब ३,९०० बार (हे दाबाचं एकक), तिकडच्या मानकात सुमारे २,४०० बार. जुनी नळी चुकून कुणाच्या हाती असेल, त्याचं संरक्षण म्हणून. कल्पना चांगली आहे, पण डब्यातली गोळी तरीही ८.२२चीच असते. मला तो उपाय अर्धवट वाटतो.

आता काकांच्या 'दारू'बद्दल. इथे जर्मनीत स्फोटक कायद्याच्या कलम २७चा परवाना लागतो, त्यासाठी कोर्स करून परीक्षा द्यावी लागते आणि परवान्याचं नूतनीकरण करत राहावं लागतं. भारतात हे असं घरबसल्या करता येत नाही, हेही सांगून ठेवतो. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतुसं बनवायला परवाना लागतो, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकारही बंद केली आहे.

काम तसं कंटाळवाणं आहे, आणि मला ते त्यासाठीच आवडतं. उडालेली पुंगळी स्वच्छ करायची, जुना प्रायमर, म्हणजे बुडातली दारू पेटवणारी छोटी टोपी, काढायचा, साच्यातून दाबून तिला मापात आणायचं, लांबी वाढली असेल तर कापायची. गळा जुन्या गोळीच्या मापाचा करायचा. गोळी बसवल्यावर गळ्याची बाहेरची जाडी पुन्हा मोजायची, कारण बार उडताना गळ्याला फुगायला जागा लागते. ती नसेल तर गोळी आवळली जाते आणि दाब वाढतो. दारू छापील कोष्टकातलीच घ्यायची आणि कमीत कमी मापापासून सुरुवात करायची. वेगाच्या मागे लागलेल्यांशी माझं जमत नाही. शंभर वर्षांच्या बाईला पळायला लावून काय मिळणार?

एकदा चूक केलीच. पुंगळ्या ठोकळ्यात मांडून दारू भरत होतो, मध्येच घरून व्हिडिओ कॉल आला. परत आलो तो पुढच्या पुंगळीपासून सुरू केलं. आठवड्यानं रेंजवर चाप ओढला तर नुसतं 'फुस्स'. फुसका बार म्हणतात तो हाच. त्या पुंगळीत दारूच नव्हती. प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अडकून बसली होती. आवाज वेगळा आला म्हणून हात थांबला. दुसरी गोळी मागून सोडली असती तर आज हे लिहायला नसतो. पितळी दांडीनं अडकलेली गोळी काढताना रेंजवरचा माणूस एक शब्द बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं. आता फोन स्वयंपाकघरात राहतो. दारू भरून झाली की प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून पाहतो, आणि दुप्पट पडली तर तोंडातून सांडेल अशी फुगीर दारूच वापरतो.

अलीकडे त्रास वाढलाय तो शिशाचा. आमच्या राज्यात खुरवाल्या जनावरांवर शिशाची गोळी चालत नाही. तांब्याची हवी, आणि ८.०९ मध्ये तांब्याची गोळी करणारे थोडेच. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते आणि पुंगळीत जास्त आत बसते. म्हणजे सगळं माप परत पहिल्यापासून. गेल्या हिवाळ्यातल्या संध्याकाळी त्यातच गेल्या.

काकांना मी एकदा उलट विचारलं, "आजोबा काय करायचे?" आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. रानडुकरं भातात शिरली की नळीत दारू, वर काथ्याचा बोळा, छर्रे, परत बोळा, मग गजानं ठासायचं. प्रत्येक बार त्यांनी आपल्या हातानंच भरला. काका हसले आणि म्हणाले, "पण ते पडवीत भरीत, घरात नाय."

राहिला बायकोचा प्रश्न. ती बोलली, एकदाच. भरलेल्या काडतुसांच्या डब्यावर मी देवनागरीत लिहिलं होतं, '८.०९, फक्त म्हातारीसाठी'. ती म्हणाली, "उद्या तू नसलास तर हे वाचणार कोण?" म्हणून आता खाली जर्मनमध्येही लिहितो. त्यात आय लिहायचा की जे, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.