पोराला भट्टीवर न्यायचं का?

शनिवार, रात्री

पुतण्याचा बारावीचा निकाल लागला. आज जेवणं झाल्यावर दादाने विषय काढलाच. "ह्याला तुझ्याबरोबर कोइमतूरला न्हेतोस का?" पोरगा तिथंच बसला होता, मोबाइल बाजूला ठेवून माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, दोन दिवस द्या, विचार करून सांगतो. वहिनी काही बोलल्या नाहीत. आई मात्र लगेच म्हणाली, "आता पाणी आलंय गावाला. आता तरी घरातलं एक माणूस हितं ऱ्हाऊ दे की."

विचार करायचा म्हणून वही घेऊन बसलोय. आमच्या घरात हा विचार कधी कुणी केलेलाच नाही. सोळा-सतराचं पोर झालं की ते कुठल्या दुकानात जाणार एवढंच ठरायचं.

आमचा सांगली जिल्ह्यातला खानापूर तालुका, शेजारचा आटपाडी, तिकडं कवठेमहांकाळ-तासगावचा कोरडा पट्टा, ह्या भागातली हजारो घरं गलाईवर उभी आहेत. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. देशातल्या जवळपास प्रत्येक मोठ्या सराफ बाजारात एखाद्या बोळात, जिन्याखाली नाहीतर मागच्या खोलीत आमच्याकडचा माणूस भट्टी लावून बसलेला असतो. केरळात आहेत, बंगालमध्ये आहेत, उत्तर प्रदेशात आहेत. सध्या मे महिना, लग्नसराई आणि जत्रांचे दिवस, म्हणून आमच्या पारावर बसलं की टीएन, केएल, यूपी असल्या नंबरांच्या गाड्या येता-जाता दिसतात. जूनमध्ये त्या निघून जातात आणि दोन-दोन मजली घरांना परत कुलपं लागतात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि कुत्री.

आबा, म्हणजे आमचे वडील, परमुलखात गेले ते बहात्तरच्या दुष्काळात. आजी खडी फोडायला जायची, सुकडीवर घर चालायचं. गावातल्या एकाचं दुकान होतं, त्याने आबांना भट्टीवर पोऱ्या म्हणून नेलं. पगार ठरलेला नव्हता. दोन वेळचं जेवण आणि झोपायला दुकानातलीच फरशी. भाषा येत नव्हती, गावाला पत्र लिहायचं तर दुसऱ्याला विनवावं लागायचं. आबांना ते काम आवडलं का, हे त्यांना कुणी विचारलं नसणार आणि त्यांनी कधी सांगितलंही नाही. त्यांनी आमच्या बहिणींची लग्नं केली, विहीर पाडली (तिला पाणी लागलं नाही), घर बांधलं. एवढ्यावरून जे समजायचं ते आम्ही समजलो.

मी माझं सांगू शकतो. मला हे काम मनापासून आवडतं. परमुलखात राहणं आवडत नाही. ह्या दोन गोष्टी माझ्या मनात इतकी वर्षं एकात एक गुंतून राहिल्या होत्या, त्या आज सुट्या करून बघतो.

आधी काम. जुना दागिना आला की कसोटीच्या दगडावर घासून अंदाज घ्यायचा. मग मुशीत, म्हणजे भट्टीतल्या भांड्यात, घालून वितळवायचा आणि त्यात चांदी मिसळायची, एक भाग सोन्याला साधारण तीन भाग. नवा माणूस इथं हमखास अडतो. शुद्ध करायच्या सोन्यात वरून चांदी कशाला? पण चांदी कमी पडली तर ॲसिड आतपर्यंत शिरत नाही, बाहेरच्या सोन्याआड आतली चांदी आणि तांबं अडकून राहतं. तो रस पाण्यात धार धरून ओतला की त्याचे दाणे पडतात. दाणे नायट्रिक ॲसिडमध्ये घालून तापवायचे. तांबूस धूर सुटतो, चांदी-तांबं ॲसिडात विरघळून जातं आणि सोनं तळाशी उरतं.

ते तळाशी उरलेलं सोनं एकदा तरी बघावं. त्याला चमक नसते, पिवळेपणा नसतो, चिमटीत धरली तर तपकीर वाटावी असा तो चुरा. गरम पाण्याने परत-परत धुवायचा, वाळवायचा, सवागी (टाकणखार) टाकून पुन्हा मुशीत घालायचा. हजार अंशांच्या वर गेलं की त्या भुऱ्या चुऱ्यातून पिवळा थेंब गोळा होतो, डोळ्यासमोर. मी हे इतक्यांदा पाहिलंय, तरी त्या वेळेला कुणी हाक मारलेली मला चालत नाही. साच्यात ओतून लगड हातात घेतली की काम झाल्याचं जे समाधान मिळतं ते मला दुसऱ्या कशात मिळत नाही.

आणि दुसरं म्हणजे घट. सराफ शंभर ग्रॅम देतो, गाळून किती परत आलं आणि किती घटलं हे आम्ही सांगायचं. त्याच्यासमोर पुरावा काही नसतो. आबांचं एकच होतं, घट खरी सांगायची, मग ती आपल्या अंगावर आली तरी. त्या जोरावर पेठेतले जुने सराफ अजून माझ्याकडे माल टाकून चहाला निघून जातात. आपल्या शब्दावर एखादा माणूस निर्धास्त जेवायला जातो, ह्याचा मला अभिमान वाटतो आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

आता दुसरी बाजू. ॲसिडने बोटांची टोकं पिवळी होतात, मग कातडं सुटतं. चांदी विरघळलेलं पाणी हातावर उडालं तर आधी काहीच दिसत नाही. उन्हात गेलं की डाग काळा पडतो आणि नवी कातडी येईपर्यंत जात नाही. आबा उघड्या गच्चीवर, तोंडाला नुसता पंचा बांधून ॲसिड उकळायचे, त्यांचा खोकला शेवटपर्यंत गेला नाही. मी धूर ओढणारा पंखा आणि तो धूर मारायला टाकी बसवली, तो खर्च मला कधीही जड वाटला नाही. शिवाय पोलिसांची भीती. कुणी चोरीची चेन आणून गाळून नेली तर जुन्या कायद्यातलं ४११ कलम आमच्यावर. चोरीचा माल घेतल्याचा ठपका. कायदा म्हणतो माल चोरीचा आहे हे माहीत असायला हवं, निदान तसं वाटायला कारण तरी हवं, पण परराज्यात, परक्या भाषेत, चौकीत उभं राहून ते पटवून देईपर्यंत माणूस अर्धा होतो. आमच्या भागातली चांगली, सरळ माणसं ह्या एका धास्तीने धंदा सोडून आलेली मी बघितली आहेत.

झोपतो आता. आई अजून जागीच आहे, खोकतेय.

रविवार

सकाळी वर्गमित्राच्या द्राक्षबागेत गेलो. उन्हाळ्यातली खरड छाटणी झालीय, नव्या काड्या वाढायला लागल्यात, बायका विरळणी करत होत्या. शेडमध्ये बसलो.

टेंभूचं पाणी आलं नसतं तर ही बाग नसती. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्याने वर चढवत आमच्या माळांवर आणायचं, ह्या योजनेला १९९६ साली मंजुरी मिळाली. प्रत्यक्ष पाणी यायला किती उन्हाळे गेले ते इथल्या बायकांना विचारावं. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदांना आमच्या गावातून ट्रक भरून माणसं जायची. आबा सुट्टीवर असले की तेही जायचे आणि परत आल्यावर दोन दिवस तेच बोलत राहायचे. पाणी शिवारात आलं ते बघायला आबा राहिले नाहीत.

मित्राला विचारलं, बरं चाललंय का? तो थेटच बोलला. "नोकरीवाल्याला महिन्याला पगार, तुला रोजची मजुरी. मला वर्षातनं एकदा. ते बी व्यापाऱ्यानं दिलं तर." मागे एक व्यापारी माल भरून घेऊन गेला तो पैसे न देताच गायब झाला, त्याचं कर्ज अजून फिटतंय. ऑक्टोबरात छाटणी घेतली की पहिले पन्नास-साठ दिवस त्याला झोप नसते. पाऊस आला, सकाळी दव पडलं की दावण्या, हा वेलीवरचा बुरशीचा रोग. मग रात्री दोन वाजता उठून ट्रॅक्टर जोडायचा आणि फवारायचं. घडात पाणी साचलं की कूज. एक पाऊस आणि वर्षाचं गणित संपलं.

"मग सोड की," मी म्हटलं.

"सोडून काय करू? सकाळी बागेत चक्कर मारल्याबिगर मला चहा जात न्हाई."

हे मला अगदी समजलं. त्याचं पण माझ्यासारखंच आहे, काम जीवाजवळचं आणि जाच भोवतालचा. फरक एवढाच की जाच सोसून झाल्यावर तो संध्याकाळी आपल्या आईच्या हातची भाकरी खातो.

विट्यात एका जुन्या ओळखीच्याकडे गेलो, त्याचे यंत्रमाग आहेत. निम्मे बंद. त्याला बोलायची इच्छा नव्हती, मीही ताणलं नाही.

परतताना चुलत बहिणीकडे थांबलो. ती अंगणवाडी सेविका. मानधन ते काय, हे सगळ्यांना माहीत आहे, त्यासाठी दरवेळी मोर्चे काढावे लागतात. तिने वजनाची नोंदवही दाखवली. एका पोराचं वजन तीन महिने वाढत नव्हतं, ह्या महिन्यात वाढलं. ते पान दाखवताना तिचा चेहरा असा खुलला होता! घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच होतं. सरकार तिला कर्मचारीसुद्धा म्हणत नाही, सेविका म्हणतं. आणि ज्या पोरांना ती तोलते त्यांची नावं, आजार, बापाची दारू, सगळं तिला पाठ. ह्या बाईला नीट पगार मिळाला पाहिजे. मला हे इथं लिहून ठेवायचंय, कारण तिच्यासमोर मला ते धड बोलता आलं नाही.

सोमवार, दुपारी

पुतण्याला गाडीवर मागे घेतलं आणि रेवणसिद्धाला, रेणावीला गेलो. घरात सगळ्यांसमोर पोरगं मोकळं बोलत नाही. दर्शन झाल्यावर झाडाखाली बसलो आणि त्याला सगळं सांगितलं, वर लिहिलंय ते सगळं, खोकला आणि पोलीस धरून.

त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: "काका, ती विरघळलेली चांदी मग टाकून देता का?"

मी सांगितलं, टाकून कशी देणार! त्यात तांब्याच्या पट्ट्या सोडायच्या. तांबं विरघळत जातं, पाणी निळं होत जातं आणि चांदी करड्या गाळासारखी खाली बसते. ती धुऊन गाळली की झाली चांदी.

"म्हणजे तांबं चांदीपेक्षा जास्त क्रियाशील. इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत हेच आहे आम्हाला." आणि त्याने खाली मातीत काडीने समीकरण लिहून दाखवलं. तांब्याचा एक अणू दोन चांदीचे अणू खाली पाडतो. वजनाने बघायला गेलं तर किती तांब्याला किती चांदी, तेही त्याने मोबाइलवर करून सांगितलं. मी ते अंदाजाने करतो. आबाही अंदाजानेच करायचे. आणि त्याचा आकडा माझ्या अंदाजाच्या अगदी जवळ आला.

मला फार आनंद झाला. आमच्या तीन पिढ्यांत ह्या कामात 'असं का होतं' म्हणून विचारणारा हा पहिलाच. आम्हाला पोट भरायची घाई होती, आम्ही 'कसं करायचं' तेवढं शिकलो.

मग त्याने विचारलं की तो तिथं कोण असेल, मालक का कामगार. हाही प्रश्न रास्त आहे. मी खरं ते सांगितलं. धंदा पूर्वीसारखा राहिलेला नाही. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचं झालं, सोन्यावर किरण टाकून मिनिटभरात टंच, म्हणजे शुद्धता, सांगणारी यंत्रं आली, मोठ्या रिफायनऱ्या आल्या. नुसती भट्टी लावून बसणाऱ्याचा वाटा कमी होत जाणार. पण यंत्र वरच्या थराचं सांगतं, आत काय भरलंय ते फोडून, गाळूनच कळतं. तिथं जाणता माणूस लागतोच आणि पुढेही लागेल. तो माणूस शिकलेला असला तर कुणी त्याला जिन्याखाली बसवणार नाही.

"मला आधी बघायचंय," तो म्हणाला. "आवडलं तर सांगतो."

आवडलं तर. आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. पाणी आलं म्हणजे काय झालं, ते मला ह्या दोन शब्दांत नीट कळलं. आबांना परत फिरायला मागे शेत नव्हतं. ह्याला आहे. दादाची डाळिंबं आहेत, दोन म्हशी आहेत, विट्याला कॉलेज आहे.

सोमवार, रात्री

दादाला सांगितलं. भट्टीवर कायमचा नेणार नाही. विट्याच्या कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बीएस्सीला नाव घालायचं. प्रवेशाची गडबड उरकली की कॉलेज सुरू होईपर्यंत तो माझ्याबरोबर येईल, दुकान बघेल, पेठ बघेल, माझी खोली बघेल. खोलीसुद्धा बघितली पाहिजे, तिथंच आयुष्य जातं. पुढच्या सुट्ट्यांत यावंसं वाटलं तर येईल.

दादाला हे पूर्ण पटलेलं नाही. "तीन वर्षं शिकून परत भट्टीच लावायची असंल तर आत्ताच काय वाईट?" त्याचंही चूक नाही, डाळिंबावर तेल्या रोग आला की त्याचं वर्ष कोरडं जातं, घरात दुसरी कमाई हवीच आहे. मी म्हटलं, फी मी भरतो आणि सुट्टीत तो जेवढे दिवस काम करेल त्याची मजुरी त्याच्या हातात देतो, तुझ्या नाही. ह्यावर दादा हसला, पण हो म्हणाला.

आईने विचारलं, शिकून तो गावात राहील ना? मी तिला खोटा शब्द दिला नाही. म्हटलं, राहायचं असेल तर राहता येईल.

वहिनी सगळं झाल्यावर स्वयंपाकघरातून बोलल्या. त्यांची एकच अट आहे. पोराने ॲसिडच्या खोलीत पाऊल ठेवायचं ते मास्क आणि हातमोजे घालूनच, आणि काकांनी पण. मी कबूल केलं. उद्या विट्याला फॉर्म भरायला जाताना दोघांच्या मापाचे हातमोजे घ्यायचेत, आणि मिरजेहून तिकीट मिळतंय का तेही बघायचंय.