जेसिका जोन्स: अंधार नव्हे, नियम बघा

‘जेसिका जोन्स’ या, अफाट ताकद असलेल्या खाजगी गुप्तहेर बाईच्या मालिकेबद्दलची तक्रार ऐकली की माणूस कितव्या भागावर बसलाय ते साधारण कळतं. ‘नुसती दारू पिते आणि लोकांचे फोटो काढते’ म्हणणारा पहिल्याच भागात आहे. ‘अगं, मारून टाक की त्याला एकदाचं’ म्हणणारा पाचव्या ते नवव्याच्या मध्ये कुठेतरी. ‘ती वरच्या मजल्यावरची बाई कशाला घातली मध्ये’ हा दहावा. आणि ‘पहिल्या सीझनची सर नाही’ म्हणणाऱ्याने तिन्ही सीझनचे मिळून ३९ भाग संपवलेले असतात.

यातल्या बऱ्याच तक्रारी रास्त आहेत, फक्त त्यांचं खापर चुकीच्या जागी फुटतं. मालिका न्वार (म्हणजे गुन्हा आणि तपासाच्या अंधाऱ्या, कडवट गोष्टींच्या जातीची) आहे म्हणून संथ आहे, असं समजलं जातं. उलट आहे. जिथे ती खरोखर न्वार आहे तिथे ती घट्ट आहे, आणि जिथे तपास सुटतो तिथे ती रेंगाळते.

पार्श्वभूमी थोडक्यात. मूळ कॉमिक ‘एलियस’, २००१ ते २००४, २८ अंक. लेखन ब्रायन मायकल बेंडिस, चित्रं मायकल गेडॉस. मेलिसा रोझेनबर्ग ही मालिका आधी एबीसी वाहिनीसाठी रचत होत्या, तिथे ती झाली नाही. २० नोव्हेंबर २०१५ ला पहिला सीझन नेटफ्लिक्सवर आला, दुसरा ८ मार्च २०१८ ला, तिसरा १४ जून २०१९ ला. तिसरा येण्याच्या आधीच, फेब्रुवारीत, मालिका बंद केल्याचं जाहीर झालं होतं. २०२२ पासून ती डिझ्नीकडे आहे.

आता न्वारचं. पावसाळी रस्ता, निऑनचा दिवा आणि सॅक्सोफोन एवढ्यावर न्वार होत नाही. पहिल्या सीझनचे छायाचित्रकार मान्युएल बिलेटर फ्रेम अडवतात: दाराच्या चौकटीतून, खिडकीच्या काचेतून, जिन्याच्या कठड्याआडून बघायला लावतात. जेसिकाचा धंदाच लपून बघण्याचा, त्यामुळे कॅमेराही लपून बघतो. पण तिला लपून बघणारा आणखी कोणी आहे, हे कळलं की तीच चौकट वेगळी वाटायला लागते. शॉन कॅलरींचं शीर्षकसंगीत आधी जाझच्या चालीने दबकत येतं आणि मग गिटार त्याच्यावर चढते. त्याला २०१६ चा एमी मिळाला. ‘स्किप इंट्रो’ दाबणाऱ्यांनी एकदा तरी ते पूर्ण ऐकावं.

गोष्टीची सुरुवातही खास खाजगी गुप्तहेरवाली. ओमाहाहून आलेलं साधं जोडपं, हरवलेली मुलगी, आणि कोणीतरी सुचवलेलं जेसिकाचं नाव. ते नाव खलनायक किलग्रेव्हनेच पुढे केलेलं असतं. म्हणजे केस हाच सापळा. मुलगी सापडते, घरी निघते आणि लिफ्टमध्ये आईवडिलांवर गोळ्या झाडते. हुकूम आधीच दिलेला होता. देणारा तिथे नव्हताच.

किलग्रेव्ह बोलेल ते समोरच्याला करावंच लागतं. असा खलनायक लिहिणं सोपं आणि सांभाळणं महाकठीण. ज्याला काहीही करता येतं त्याच्याविरुद्ध कसली गोष्ट रचणार? लेखकांनी त्याला नियम घातले, आणि एकदम न सांगता तपासातून एकेक बाहेर काढले. दुसरा भाग या दृष्टीने शांतपणे बघा. अपघातात किलग्रेव्हची मूत्रपिंडं गेलेली असतात. ज्याची घेतली तो रुग्णवाहिकेचा चालक जेसिकाला सापडतो: आईच्या घरी, डायलिसिसवर, जवळजवळ निश्चल. तिथून ती शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरपर्यंत पोचते. डॉक्टर सांगतो की रुग्णाने पूर्ण भूल घ्यायला साफ नकार दिला. इतकी मोठी शस्त्रक्रिया जागेपणी कोण करून घेईल? ज्याला बेशुद्ध होणं परवडत नाही तोच. म्हणजे भूल दिली की शक्ती बंद. हातात फक्त वैद्यकीय तपशील असताना काढलेला हा निष्कर्ष आहे, आणि इथे जेसिकाची ताकद कामाला येत नाही, डोकं येतं.

पुढे त्याच धाग्यावर सगळं चालतं. सुफेंटॅनिल हे भुलीचं औषध मिळवायचं. तिसऱ्या भागात तेच औषध जिवलग मैत्रीण ट्रिशला देऊन ती मेल्याचा देखावा उभा करायचा, कारण तिला मारण्याचा हुकूम घेऊन आलेला पोलीस ‘काम झालं’ याची खात्री पटल्याशिवाय थांबणार नसतो. हुकूम साधारण बारा तासांत उतरतो. समोरासमोर, एकाच हवेत असावं लागतं. म्हणून नवव्या भागात हवाबंद काचेच्या खोलीत तो कितीही बोलला तरी स्पीकरमधून येणारा तो नुसता आवाज. आणि पाचव्या भागात ते औषध टोचून त्याला उचलूनही डाव फसतो, कारण त्याने साधे पगारी सुरक्षारक्षक ठेवलेले असतात. त्यांच्यावर जादूटोणा नाहीच, तेव्हा तो बेशुद्ध पडला तरी ते नोकरी करतातच! हा माझ्या मते सीझनमधला सगळ्यात चलाख तपशील, आणि बहुतेक जण तो मारामारीच्या गोंधळात विसरून जातात.

आता ‘मारून टाक की’वाल्यांसाठी. लिफ्टमध्ये आईवडिलांना मारणारी ती मुलगी, होप, तुरुंगात आहे. तिने स्वतःच्या इच्छेने खून केला नाही हे कोर्टात दाखवायचं तर किलग्रेव्ह जिवंत आणि त्याची शक्ती पुराव्यानिशी हवी. म्हणून काचेची खोली, म्हणून कॅमेरे, म्हणून त्याच्या आईवडिलांना शोधून आणणं. हे सगळं होपच्या एका सुटकेसाठी आहे, आणि होपला ते कळतं. दहाव्या भागात ती जे करते ते याच अडचणीवरचं तिचं उत्तर आहे. जेसिकाचा हात तिथे मोकळा होतो. हा दुवा निसटला की मधले पाच भाग पोरखेळ वाटतात.

तरीही रबर ताणलंय, हे मान्य करायलाच हवं. पकडला, सुटला, पुन्हा पकडला, पुन्हा सुटला. गोष्ट आठ-नऊ भागांची, साचा तेरा भागांचा. पोकळी भरायला सिम्पसनच्या (तिसऱ्या भागातला तो पोलीस) गोळ्या आल्या: लाल घेतली की जोर, पांढरी तो टिकवायला, निळी उतरवायला. कॉमिकमधला, अशाच गोळ्या घेणारा न्यूक ओळखणाऱ्यांना गंमत, बाकीच्यांना अकराव्या भागात घड्याळ बघायची वेळ. रॉबिन ही शेजारीण कथानकाला गरज पडेल तेव्हाच मूर्खपणा करते, हा आक्षेपही पटतो. जिथे नियम असलेला माणूस विरुद्ध नियम शोधणारी बाई असा सामना चाललाय तिथे योगायोगाने खोली उघडली जाणं म्हणजे फसवणूकच.

दुसऱ्या सीझनला नेमकं हेच नडलं. अलिसाच्या भूमिकेत जॅनेट मॅकटीअरचं काम उत्तम आहे, त्यात वाद नको. सगळे १३ भाग स्त्रियांनी दिग्दर्शित केलेत. पण अलिसा कोण हे सहाव्या भागाच्या शेवटी कळतं, तोवर निम्मा सीझन सरलेला. शिवाय तिची शक्ती म्हणजे ताकद आणि संताप. तो कधी उसळेल याला नियम नाही, मग जेसिकाने शोधायचं काय? अकराव्या भागात किलग्रेव्ह झालेला डेव्हिड टेनंट जेसिकाच्या डोक्यातला आवाज म्हणून परततो आणि मालिका ताठ होऊन बसते. ते बघताना आनंद होतो आणि थोडी चिडचिडही.

तिसऱ्याला लोक उगाच नावं ठेवतात. इथला खुनी सॅलिंजर, त्याच्याकडे शक्ती नाही. कायदा, कॅमेरा आणि अहंकार एवढंच भांडवल. जेसिकाला सुरुवातीलाच चाकू लागतो, प्लीहा काढावी लागते, आणि पुन्हा पाठलाग, फोटो, पुरावे हे सगळं सुरू होतं. दुसरा भाग खुद्द जेसिका साकारणाऱ्या क्रिस्टन रिटरने दिग्दर्शित केलाय. लांबण इथेही आहे, पण पाया तपासाचा आहे.

बघण्याबद्दल दोन व्यवहाराच्या गोष्टी. ‘काही दिसतच नाही’ ही तक्रार बऱ्याचदा टीव्हीच्या सेटिंगची असते. ‘व्हिव्हिड’ मोडमध्ये गडद भाग सपाट काळे होतात आणि जिन्यातला माणूस गायब. ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावा, हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद करा, समोरच्या भिंतीवरची ट्यूब मालवून टीव्हीच्या मागे छोटा दिवा ठेवा. फोनवर बघणार असाल तर स्वयंचलित ब्राइटनेस बंद. रंग नीट दिसले की जांभळा कुठे कुठे येतो हे आपोआप लक्षात येईल. कॉमिकमध्ये किलग्रेव्हची कातडीच जांभळी आहे, इथे ती कपड्यांत आणि उजेडात विरघळवलीय. दुसरं, सबटायटल्स चालू ठेवा. भीतीने श्वास कोंडला की जेसिका लहानपणच्या रस्त्यांची नावं पुटपुटते, बर्च स्ट्रीट, हिगिन्स ड्राइव्ह, कोबाल्ट लेन, आणि ती सहज निसटतात.

घरात सगळ्यांसोबत लावायची ही मालिका नाही. बलात्कार पडद्यावर दाखवलेला नाही, पण त्याचे परिणाम जवळपास प्रत्येक भागात आहेत, आणि रक्तपातही भरपूर.

वेळ कमी असेल तर पहिला सीझन पूर्ण बघा, अकराव्यातला सिम्पसन खुशाल पुढे सरकवा. तेराव्याला मात्र फोन बाजूला ठेवा. जेसिका आणि ट्रिश आधीच ठरवतात की जेसिका एरवी कधीच म्हणणार नाही असं काहीतरी ती बोलली, तर समजायचं की ती अजून स्वतःच्या ताब्यात आहे. गोदीवर किलग्रेव्ह तिला प्रेमाची कबुली द्यायला सांगतो. ती देते. त्या वेळी तिची नजर त्याच्यावर नसते.